गच्चीवरचे विमान आणि पडवीतले अंतराळयान

तापी-पांझरेच्या खोऱ्यात विमान ही आता पोरांना अंगणात बोलावून बोटाने दाखवावी अशी अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. धुळ्यालगत गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षणकेंद्र आहे. शिरपूरजवळ तांडे येथे वैमानिक घडविणारी अकादमी आहे. आणि जळगावच्या ज्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली तत्कालीन राष्ट्रपती, आणि जळगावच्याच कन्या, प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, त्याचीही २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-प्रशिक्षणसंस्थांसाठी निवड केली. त्यामुळे कपाशीच्या वावरात निंदणी करणारी बाई माथ्यावरून घरघरत जाणाऱ्या सेसनाकडे मान वर करून पाहण्याचीही तसदी घेत नाही. असे असूनही त्या विमानाच्या नाकाशी, दोन माणसे खांद्याला खांदा लावून कशीबशी बसतील एवढ्या काचबंद जागेत काय असते, हे पाहण्याचे भाग्य खानदेशातल्या हजारांतून एखाद्यालाच लाभते. मनुष्यस्वभाव असा आहे की जे दार आपल्याला बंद, त्याच्याच आतील रचना तो मनात सर्वांत अधिक तपशिलाने रंगवीत असतो.

या कुतूहलाला चित्रपटांनी गेली पन्नास-साठ वर्षे अमाप खतपाणी घातले. खऱ्या विमानाचा कक्ष निदान तिकीट काढून त्याच्या दारापर्यंत तरी जाता येते असा. पण पडद्यावरच्या अंतराळयानाचा कक्ष तर मुळात अस्तित्वातच नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याची ओढ अधिक अनावर असावी. अमेरिकेत आणि युरोपात असे शेकडो गृहस्थ आहेत की ज्यांनी आपल्या घराच्या तळघरात, मोटारखान्यात किंवा परसातल्या छपराखाली एखाद्या आवडत्या चित्रपटातील यानाचा चालककक्ष पूर्ण मापाने, म्हणजे खुर्चीत बसून हात पुढे केला तर दांडा नेमका मुठीत यावा अशा रीतीने, उभा केला आहे. न्यूयॉर्क राज्यातील टायकॉन्डेरोगा या गावी जेम्स कॉली या गृहस्थाने ‘स्टार ट्रेक’ या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील यानाचा संपूर्ण अंतर्भाग मूळ नकाशांबरहुकूम बांधला, आणि मालिकेच्या मालकांच्या रीतसर परवान्याने २०१६ साली तो लोकांना पाहण्यासाठी खुला केला. हा नाद आपल्याकडे अद्याप फारसा रुजलेला नाही. पण तो काय आहे आणि त्यात कोणते कसब लागते, हे समजून घेण्याजोगे खचित आहे.

प्रथम अस्सल आणि पडद्यावरचा या दोन कक्षांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. गोंदूरला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात ज्या सहा मुख्य तबकड्या असतात, त्यांपैकी एक वेग सांगते, दुसरी विमानाचा कल, तिसरी उंची, चौथी वळण, पाचवी दिशा आणि सहावी चढ-उताराचा दर. प्रत्येकीचे स्थान ठरलेले, आणि त्या स्थानामागे कारण असते, कारण ढगात शिरल्यावर वैमानिकाची नजर कोणत्या क्रमाने फिरली पाहिजे हे अनेकांच्या जिवाचे मोल देऊन ठरलेले आहे. चित्रपटातील कक्षात मात्र एखादे बटण डावीकडे का आहे, याचे उत्तर एवढेच असते की उजवीकडे जागा उरली नव्हती, किंवा नटाचा चेहरा तिकडून अधिक बरा दिसत होता. पहिल्याची रचना मृत्यूच्या धाकाने झाली, दुसऱ्याची छायाचित्रकाराच्या सोयीने. आणि तरीही दुसऱ्याने प्रेक्षकाला पहिल्याइतकाच विश्वास वाटायला लावला पाहिजे!

हा विश्वास निर्माण करण्याचे दोन मार्ग दोन प्रसिद्ध चित्रपटांनी दाखवून दिले. स्टॅन्ले कुब्रिक या दिग्दर्शकाने १९६८ च्या आपल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या नामांकित अभियांत्रिकी कंपनीकडून अडतीस फूट व्यासाचे आणि सुमारे तीस टन वजनाचे एक खरेखुरे फिरते चक्र बांधून घेतले, ज्याच्या आतल्या बाजूस यानाची खोली होती आणि जे फिरत असता नट आत चालत राही, खर्च साडेसात लक्ष डॉलर. त्या कक्षांतील पडद्यांवर झळकणारी आकडेमोड संगणकाची नव्हती, पडद्यांमागे बसविलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रक्षेपकांतून ती दाखविली जात होती. हा झाला राजमार्ग. दुसरा मार्ग गरिबीचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चे चित्रण इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे झाले, तेव्हा नेपथ्य सजविणाऱ्या रॉजर ख्रिश्चनपाशी पैसा बेताचा होता, म्हणून त्याने मोडीत निघालेल्या विमानांचे आणि जेट इंजिनांचे भंगार घाऊक भावाने विकत आणले, त्याचे तुकडे सुटे केले, आणि पुठ्ठा-लाकडाच्या भिंतींवर ते असे काही डकविले की पाहणाऱ्याला वाटावे, हे यंत्र वर्षानुवर्षे वापरात असून त्याची डागडुजी नेमाने होत आहे. नायकाच्या हातातील तेजस्वी खड्गाची मूठ ही जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती, आणि दुसऱ्या नायकाचे पिस्तूल माउझर कंपनीच्या जुन्या पिस्तुलावरून बेतलेले होते. त्या चित्रमालिकेतील ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान तर मुळातच खटारा म्हणून कल्पिलेले. १९८० च्या दुसऱ्या भागात त्याचे दिवे मालवतात आणि नायक भिंतीवर मूठ हाणतो तेव्हा ते पुन्हा लागतात, ते पाहून चोपड्याहून यावलला निघालेल्या एस.टी.चा गिअर दोन शिव्या घालून बसविणाऱ्या चालकाची आठवण आपल्याकडील प्रेक्षकाला झाल्यावाचून राहत नाही.

त्याच दुसऱ्या भागासाठी हे यान बाहेरून पूर्ण मापाचे हवे होते. वेल्समधील पेम्ब्रोक डॉक या जुन्या नौबांधणीच्या बंदरात, जेथे एके काळी पाण्यावर उतरणारी विमाने ठेवीत त्या भव्य दालनात, स्थानिक लोहारकाम करणाऱ्या कारागिरांनी १९७९ साली ते पोलादात उभे केले. त्याचे वजन वीस टनांहून अधिक भरले. जहाजे बांधणाऱ्या हातांनी न उडणारे यान बांधावे, हा योग मोठा मौजेचा आहे.

आता नकलाकाराची अडचण पहा. मूळ कारागिराने दुपारच्या जेवणापूर्वी हाताला लागेल तो तुकडा हाताला लागेल तेथे चिकटविला, आणि चित्रण संपल्यावर ते सर्व मोडून टाकले. पन्नास वर्षांनी अलाबामातील कोणी भक्त चित्रपटाची एकेक चौकट थांबवून त्या तुकड्याकडे भिंगातून पाहतो, तो कोणत्या साली बनलेल्या कोणत्या यंत्राचा असावा याचा छडा लावतो, तसाच तुकडा मिळविण्यासाठी सातासमुद्रापलीकडे पत्रव्यवहार करतो, आणि मिळाल्यावर तो मूळ जागेपासून पाव इंचही ढळू नये म्हणून रात्र रात्र जागतो. मापे काढण्याची त्याची रीत खरोखर चतुर आहे. चौकटीत दिसणारी एक तरी वस्तू अशी शोधायची की जिचे माप निर्विवादपणे माहीत आहे. ती वस्तू म्हणजे मोजपट्टी समजून तिच्या प्रमाणात शेजारचे सारे मोजायचे, मग दुसऱ्या कोनातून घेतलेल्या चौकटीवरून त्याची रुजवात घालायची. मात्र कॅमेऱ्याच्या भिंगाने कडेच्या गोष्टी ताणलेल्या असतात, त्याची वजाबाकी करावी लागते. शिवाय मूळ देखाव्याची एक बाजू बहुधा नसतेच, कारण तेथे कॅमेरा उभा असतो! त्या रिकाम्या बाजूला काय असावे, हे नकलाकाराला स्वतःच ठरवावे लागते. आणि माझ्या मते या छंदातला सर्वांत अवघड, आणि म्हणून सर्वांत मोलाचा, भाग तेथेच सुरू होतो.

कारण विचार करता असे दिसते की या कामी निष्ठा दोन प्रकारची असू शकते. एक जिनसांशी निष्ठा : मूळ देखाव्यात जो खिळा होता तोच खिळा. दुसरी रीतीशी निष्ठा : मूळ कारागिराने आपल्या भोवतालच्या भंगारातून जसे यान घडविले, तसे आपण आपल्या भोवतालच्या भंगारातून घडविणे. पहिली निष्ठा धनाढ्यांची आहे, आणि तिचा परिणाम एवढाच झाला की ज्या जुन्या फ्लॅशच्या दांडीला एके काळी कोणी विचारीत नव्हते, तिच्यावर आज शौकिनांच्या उड्या पडतात. दुसरी निष्ठा खानदेशाला अधिक मानवण्यासारखी आहे.

जळगाव हे पाइपांचे आणि चटयांचे गाव आहे. भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास येथे पी.व्ही.सी. नळ्यांचा कारखाना घातला आणि पुढे ठिबक सिंचनाचे साहित्य काढले, तेव्हापासून केळीच्या बागांच्या बांधावर, खळ्याच्या कोपऱ्यात, आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर ड्रिपर, जॉइनर, टी, एल्बो, एण्डकॅप आणि गाळणीच्या जाळ्या यांचे ढीग दिसू लागले. एल्स्ट्रीच्या कारागिराला जे विमानाच्या मोडीतून मिळाले, ते जळगावकराला ठिबकच्या मोडीतून मिळण्यास काहीच हरकत नाही. गाळणीचे एक जुने टोपण पालथे घालून त्याभोवती सहा ड्रिपर वर्तुळात डकवावेत, त्यांतून बारीक नळी दोन वेढे देऊन न्यावी, आणि त्यावर राखी रंगाचा फवारा मारावा. मग ते केळीला पाणी पाजीत होते हे त्याचा कारखानदारही ओळखणार नाही. चार इंची पी.व्ही.सी. नळी लांबीने चिरून, उष्णता देऊन, दोन फळ्यांमध्ये दाबून धरली तर तिचा सपाट पत्रा होतो, आणि पुन्हा उष्णता दिली तर त्याला हवी ती वळणे देता येतात. हे ज्ञान कोणत्याही नळकारागिराला अवगत आहे, फक्त त्याला ते अंतराळयानासाठी कोणी विचारलेले नसते.

एक फलक कसा तयार होतो तेवढे जवळून पाहू. तीन मिलिमीटरच्या एम.डी.एफ.च्या पाटीवर नकाशा चिकटवून भोके पाडायची. मागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर तांबड्या-पिवळ्या जिलेटिन कागदाच्या चकत्या, आणि त्यांच्या मागे एल.ई.डी. दिवे. पूर्ण कक्षाला असे तीनशे दिवे सहज लागतात, आणि हौशी मनुष्य पहिली ठोकर येथेच खातो, कारण तो प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वीज देऊ पाहतो. एका दिव्याला वीस मिलिअँपिअर धरले तर तीनशे दिव्यांना सहा अँपिअर होतात, तारा जाड घ्याव्या लागतात आणि पेटी तापते. त्याऐवजी बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर तीन-तीन तांबडे दिवे एका माळेत जोडून प्रत्येक माळेस ३३० ओहमचा एक रोधक दिला, तर दिवे सहा व्होल्ट घेतात, उरलेले सहा रोधकावर खर्ची पडतात, आणि शंभर माळांचा एकूण हिशेब दोन अँपिअरच्या आत बसतो. दिवे यदृच्छेने लुकलुकावेत म्हणून आर्डुइनो नावाचा, इटलीत २००५ साली विद्यार्थ्यांसाठी निघालेला, एक स्वस्त नियंत्रकफलक वापरतात. प्रत्येक तारेला क्रमांकाची पट्टी बांधणे अवश्य आहे; अन्यथा सहा महिन्यांनी एखादा दिवा बंद पडला असता त्याचा माग काढणे हे हरवलेल्या सातबाऱ्याचा फेरफार शोधण्याइतके जिकिरीचे होते.

नंतर येते जुनाटपणाचे काम. नवाकोरा रंग दिलेला फलक डोळ्यांना तात्काळ खोटा वाटतो. म्हणून काळपट-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सांध्यांतून, खिळ्यांच्या डोक्यांभोवती ओततात आणि सुकण्याआधी फडक्याने पुसून घेतात. पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण खाचांत मळ राहतो. जेथे वैमानिकाचा हात वरचेवर लागत असेल तेथे रंग घासून खालचा चंदेरी थर उघडा करायचा, आणि जेथे हात पोहोचत नाही तेथे धूळ बसू द्यायची. धुळीचा पुरवठा आपल्याकडे निसर्गतःच मुबलक आहे. उष्णतेचा मात्र उपद्रव होतो. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालची बंद पेटी त्याहून कितीतरी तापते, आणि ग्लू-गनचा गोंद अशा वेळी मऊ पडून दिवाळीत हौसेने चिकटविलेले तुकडे मेमध्ये एकामागून एक टपटप गळू लागतात. म्हणून येथे स्क्रू आणि एपॉक्सी यांचाच अवलंब करावा आणि आत एक पंखा ठेवावा. नाहीतर यानात बसण्याचा मुहूर्त केवळ पौष-माघातच लाभेल.

हे सारे पोरखेळ आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी एडविन लिंकची कथा ऐकावी. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. उड्डाण शिकणे त्या काळी फार महाग, म्हणून या तरुणाने कारखान्याच्या तळघरात ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून विमानाच्या कक्षाची एक ठेंगणी नक्कल केली, जी दांडा हलविताच भात्यांच्या बळावर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलत असे. १९२९ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला. पण विमानविद्येच्या धुरिणांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि ती यंत्रे जत्रेतील पाळण्यांच्या शेजारी करमणुकीसाठी विकली गेली. १९३४ साली अमेरिकेच्या सैन्यावर टपाल वाहून नेण्याची कामगिरी आली. धुक्यात आणि अंधारात केवळ यंत्रांवर भिस्त ठेवून उडण्याची तालीम नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांतच प्राणास मुकले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा नग विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी त्यांवर धडे गिरविले. आज वैमानिक घडविणाऱ्या शाळांत सिम्युलेटरवर जो सराव करून घेतात, त्याचा मूळ पुरुष तो ऑर्गनचा भाता होय.

चित्रपटाच्या बाजूने पाहिले तर आपल्याला अलाबामापर्यंत जाण्याचेही प्रयोजन नाही. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे निघाले की वाटेत लागणाऱ्या मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, नासिर शेख आणि त्यांच्या मित्रमंडळींनी नामांकित चित्रपटांच्या विडंबनांचा एक संसारच थाटला होता. त्यांच्या ‘सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की कॅमेऱ्याला ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी, आणि नायकाने उडायचे म्हणून त्याला आडवा धरून मागे हिरवा पडदा. या लोकांना कोणी रीत शिकविली नव्हती. पण एल्स्ट्रीच्या त्या भंगार वेचणाऱ्या नेपथ्यकाराने मालेगावात जन्म घेतला असता तर त्याने याहून वेगळे काय केले असते? जिनसांशी निष्ठा नसतानाही रीतीशी निष्ठा असू शकते, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

आणि शेवटी ज्याने नकलेची पायरी ओलांडून अस्सलालाच हात घातला त्याचे उदाहरण घेतले पाहिजे, कारण त्याची समाप्ती धुळ्यातच झाली आहे. कॅप्टन अमोल यादव हे त्या काळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एकोणीस माणसांच्या एकत्र कुटुंबात राहणारे. विमान बांधण्याचे त्यांचे आधीचे दोन प्रयत्न फसले, तिसऱ्याच्या वेळी जागा नव्हती म्हणून त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवरच सहा आसनांचे विमान बांधावयास घेतले. घरच्यांनी दागिने आणि मालमत्ता यांची आहुती दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’चे प्रदर्शन भरले, तेव्हा ते विमान सुटे करून क्रेनच्या साहाय्याने गच्चीवरून खाली उतरविण्यात आले आणि मुंबईकरांनी ते तोंडात बोट घालून पाहिले.

परंतु धातूचे काम जेवढे दुर्घट, त्याहून दप्तराचे काम अधिक दुर्घट निघाले. हौशी माणसाने घरी बांधलेल्या विमानाची दाखलनोंद कोणत्या कलमाखाली करावी, हा प्रश्न नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मेजावर वर्षानुवर्षे फिरत राहिला. अर्ज, स्मरणपत्रे, शेरे, त्रुटी, पुन्हा अर्ज. अखेर मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांच्यापर्यंत कैफियत गेल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणीचा दाखला मिळाला, आणि त्या विमानाच्या व्हीटी-एनएमडी या नोंदणीचिन्हात त्या दोघांच्या नावांची आद्याक्षरे गुंफली गेली. उड्डाणाचा परवाना येण्यास २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. चाचणीसाठी धावपट्टी हवी, ती धुळ्याची मिळाली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनाच्या धास्तीने सारे घरात कोंडलेले असताना, गच्चीवर जन्मलेले ते विमान गोंदूरच्या धावपट्टीवरून उडाले. विमानविद्येच्या बाबतीत आपल्याकडे पुराव्यावाचून अभिमान बाळगण्याची खोड आहे. १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडविल्याची कथा आपण अजून सांगतो, आणि १९७४ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आराखडे उडण्याजोगे नसल्याचे दाखवून दिले ते सोयीस्करपणे विसरतो. धुळ्याच्या उड्डाणाला दाखलनोंद आहे, परवाना आहे. त्याला दंतकथेची गरज नाही.

पडवीत अंतराळयानाचा कक्ष बांधणाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. त्याचे यान जमीन सोडणार नसल्याने सरकारदरबारी त्याची दखल घेणारे खातेच नाही. मंजुरी लागते ती घरच्यांची, आणि ती अनेकदा महासंचालनालयाहून कठीण असते. एक गोष्ट मात्र त्याने कांदिवलीच्या गच्चीवरून शिकून घ्यावी. जे आत बांधले ते बाहेर काढण्याची पाळी केव्हातरी येते : घर विकले जाते, मुलाचे लग्न निघते, खोली भाड्याने द्यावी लागते. विमानाला क्रेन परवडली. ठिबकच्या तुकड्यांच्या यानाला ती कोण बोलावणार? तेव्हा पहिली फळी कापण्याआधी दाराचे माप घ्यावे, साधारणतः तीन फुटांचे भरेल, आणि कक्षाचे असे खंड पाडावेत की प्रत्येक खंड त्या दाराहून निदान दोन इंच अरुंद राहील. सांगाडा वेल्डिंगने कायमचा न जोडता नटबोल्टांनी जोडावा, आणि विजेच्या तारांना प्रत्येक सांध्याशी प्लग ठेवावा.